खालची पट्टी

माहेरपणाला आलेली नणंद चार दिवस राहते आणि जाताना मोठ्या प्रेमाने भावजयीचे स्वयंपाकघर लावून देऊन जाते. मग काय होते ते कोणत्याही गृहिणीला विचारावे. मिठाचा डबा सापडत नाही. सापडतो तेव्हा तो साखरेच्या जागी असतो. नवी मांडणी जुनीपेक्षा शंभर पटींनी चांगली असेल. डबे उंचीप्रमाणे लागलेले असतील, रोजचे पुढे आणि सणासुदीचे मागे गेले असतील. पण फोडणी करपायची ती करपतेच. तेल तापल्यावर मोहरी काही माणूस डोक्याने शोधीत नाही; ती हात शोधतो. आणि हाताला नव्या मांडणीतला तर्क समजावून सांगण्याची सोय परमेश्वराने ठेवलेली नाही.

२०११ सालच्या एप्रिलच्या ६ तारखेला अशीच एक मांडणी बदलली आणि जगभर पुष्कळ फोडण्या करपल्या. ती हकीकत मला सांगायची आहे. हकीकत संगणकाची आहे. परंतु ती मराठी शिकविणारा माणूस सांगत असल्यामुळे तिच्यात यंत्राचा भाग बेताचाच राहील. तेव्हा वाचकांनी पान उलटण्याची घाई करू नये.

लिनक्स हे नाव आता बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली ते लिहायला घेतले. कोणीही ते फुकट घ्यावे, उघडून पाहावे, हवे तसे बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे अशी त्याची रीत. परंतु लिनक्स म्हणजे घराचे जोते, तुळया आणि मोऱ्या. घरात राहणाऱ्याला दिसतात त्या भिंती, कोनाडे आणि खुंट्या. आणि ते काम निराळ्या मंडळींचे. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसते, म्हणजे कामांच्या याद्या, आयकॉन, उघडमीट होणाऱ्या चौकटी, त्या सगळ्या संसाराला ‘डेस्कटॉप’ म्हणतात. लिनक्सवर असे संसार एकाहून अधिक आहेत. त्यांतला ‘केडीई’ १९९६ साली जर्मनीत सुरू झाला. दुसरा ‘ग्नोम’, तो मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी १९९७ च्या ऑगस्टमध्ये मांडला. युरोपातल्या लोककथांत जमिनीखाली राहून खजिना राखणारा जो बुटका असतो, त्याला ग्नोम म्हणतात. या मंडळींचे चिन्ह मात्र बुटक्याचे नाही, पावलाचे आहे. आणि त्या पावलाला बोटे चारच आहेत. पाचवे बोट अनावश्यक म्हणून काढून टाकले असावे, असा विनोद २०११ नंतर कोणालाही सुचावा.

ग्नोमची दुसरी आवृत्ती २००२ च्या जूनमध्ये आली आणि जवळजवळ नऊ वर्षे नांदली. तिचे रूप अगदी साधे. पडद्यावर वर एक पट्टी, खाली एक पट्टी. वरच्या पट्टीवर डावीकडे तीन याद्या: एक प्रोग्रामांची, एक ठिकाणांची, एक यंत्राच्या व्यवस्थेची. खालच्या पट्टीवर आपण जे जे उघडून ठेवले असेल त्याची एकेक चिठ्ठी. मधली सारी जागा आपली. तिथे हव्या त्या फायली पसराव्यात, मुलांचे फोटो लावावेत. नऊ वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. तेवढ्यात बालवाडीतले पोर सातवी-आठवीत जाते.

तिसऱ्या आवृत्तीने खालची पट्टी काढून टाकली. वर एक काळी पट्टी ठेवली, पण तिच्यावरच्या तीन याद्या गेल्या. मधल्या अंगणातले आयकॉन गेले. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात लहान करण्याचे, मोठी करण्याचे आणि बंद करण्याचे अशी तीन बटणे असत. त्यांतली पहिली दोन गेली. चौकट लहान करून ठेवायची तर ती ठेवणार कुठे? खालची पट्टीच नाही! मग बटण तरी कशाला, असा तो युक्तिवाद. बदल्यात मिळाले काय, तर माऊस वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन टेकवला की उघड्या असलेल्या साऱ्या चौकटी आक्रसून पत्त्यांसारख्या समोर मांडल्या जात. पाहिजे ती उचलावी, किंवा हव्या त्या कामाचे नाव टाइप करावे. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माणसाने एका वेळी एकच काम करावे, भोवतालच्या लुकलुकीने त्याचे चित्त विचलित होऊ नये, हा विचार ते २००८ पासून करीत होते.

संगणक बंद करण्याची तऱ्हा तर न्यारीच. यादीत ‘झोपवा’ एवढेच दिसे. ‘बंद करा’ हे शब्द दिसायला ऑल्ट नावाची कळ दाबून धरावी लागे. ही युक्ती ज्याला कोणी सांगितली नाही तो बिचारा अभिमन्यूसारखा. आत शिरला, पण बाहेर पडायची वाट नाही. दीडएक वर्षाने, २०१२ साली, ‘बंद करा’ हे शब्द कळीशिवाय दिसू लागले. तोवर किती जणांनी सरळ भिंतीवरचे बटण बंद केले असेल कोण जाणे.

यावर लोकांनी जे म्हटले त्यातले पुष्कळसे दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. छापण्याजोगे जे आहे त्याचा मथितार्थ असा, की माझा हातभर रुंदीचा पडदा तुम्ही मुठीतल्या फोनसारखा करून टाकलात. दोन चौकटी शेजारीशेजारी ठेवून आकडे ताडून पाहणे हे ज्यांचे पोट होते, ते तर कळवळून उठले. आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: आम्हांला विचारले का नाही? खुद्द टोरवाल्ड्स त्या वर्षी उघडपणे संतापले आणि ‘एक्सएफसीई’ नावाच्या तिसऱ्याच बिऱ्हाडी राहायला गेले. या गृहस्थांची बिऱ्हाडे पाहण्यासारखी आहेत. २००५ मध्ये ग्नोमवाले वापरणाऱ्याला अडाणी समजतात असे फटकारून त्यांनी लोकांना केडीईचा रस्ता दाखविला होता. २००८ च्या जानेवारीत केडीईची चौथी आवृत्ती आली, तिनेही सारे घर उलथेपालथे केले. तेव्हा ते केडीई सोडून ग्नोमकडे आले. २०११ मध्ये ग्नोम सोडले. २०१३ मध्ये, हव्या त्या सोयी वरून जोडून घेता येतात असे पाहून, पुन्हा ग्नोमकडे परतले. पुण्यातला भाडेकरूही आठ वर्षांत इतक्या जागा बदलीत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्या दुसऱ्या आवृत्तीसाठी २०११ मध्ये गळे काढले गेले, तिलाही २००२ मध्ये शिव्याच मिळाल्या होत्या! पहिल्या आवृत्तीत असलेले कित्येक पर्याय तिने काढून टाकले होते. ‘ठीक’ आणि ‘रद्द’ या बटणांच्या जागांची अदलाबदल केली होती. म्हणजे पुन्हा मीठ आणि साखर. २००४ मध्ये तर प्रत्येक फोल्डर स्वतंत्र चौकटीत उघडू लागला. दहा पायऱ्या आत उतरावे तर पडद्यावर दहा खिडक्या, आणि आपण कोणत्या खिडकीशी उभे आहोत त्याचा पत्ता नाही. तेव्हाही हेच शब्द वापरले गेले होते, हाच प्रश्न विचारला गेला होता. नऊ वर्षांत त्या शिव्या मुरल्या आणि त्यांचे सुवर्णयुग झाले. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराने २०११ च्याच एप्रिलमध्ये ‘युनिटी’ नावाचा आपला निराळा डेस्कटॉप आणला, त्यालाही लोकांनी धारेवर धरले. आणि २०१७ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर झाले तेव्हा हळहळणारेही निघालेच. २०२१ च्या मार्चमध्ये ग्नोमची तिसरीनंतर एकदम चाळिसावी आवृत्ती आली. एकाखाली एक उभी असलेली कामाची दालने तिने आडवी, शेजारीशेजारी मांडली. मग उभीच बरी होती, अशी ओरड झाली. दुसऱ्या आवृत्तीत ती आडवीच होती, हे आठवणारी माणसे एव्हाना म्हातारी झाली होती.

मला याचे फारसे नवल वाटले नाही, कारण माझा धंदाच तसा आहे. आमच्यात प्रत्येक पिढीचे खरे मराठी मागच्या पिढीबरोबर संपलेले असते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार शब्दांच्या डोक्यांवरून उतरविले गेले. माझा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. पण ते अनुस्वार न सोडणारी वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची पोस्टकार्डे येत. ‘कांहीं’ या एका शब्दावर दोन टिंबे अशी ठासून दिलेली असत, की कार्डाच्या मागल्या बाजूला बोट फिरवले तर हाताला लागावीत. नियमामागचे कारण त्यांना समजावून सांगता आले असते, आणि ते त्यांना पटलेही असते. टिंब मात्र त्यांनी दिलेच असते.

फरक एवढाच, की अनुस्वारवाल्यांच्या हाती फक्त आपले पोस्टकार्ड होते. शाळा, छापखाने, सरकार सगळे नव्या नियमांकडे गेले. ग्नोमच्या रुसलेल्यांना मात्र सारे घरच उचलून नेता आले. लिनक्सच्या जगात नकाशे, विटा, चुना सगळे उघडे असते. ज्याला जुने घर हवे त्याने ते शेजारच्या प्लॉटवर पुन्हा उभे करावे, कोणी आडवीत नाही. २०११ मध्येच अर्जेंटिनातल्या एका गृहस्थाने हे केले. दुसऱ्या आवृत्तीचे सगळे सामान घेऊन त्याने नवे बिऱ्हाड मांडले आणि त्याला त्याच्या देशातल्या एका पेयाचे नाव दिले. आपल्याकडे चहा तशी तिकडे येर्बा माते. म्हणून या डेस्कटॉपचे नाव झाले ‘माते’. हे नाव मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा, संकटात सापडलेल्या भक्तांनी देवीला हाक मारली आहे, असेच मला वाटले. एका अर्थी ते तसेच होते.

मात्र जुने घर जुन्या नावांनी उभे करता येईना. एकाच संगणकात जुना आणि नवा ग्नोम राहायचा तर दोघांची नावे एक कशी चालतील? तेव्हा साऱ्या भांड्यांवर नवी नावे घातली गेली, आणि ती स्पॅनिश. फायली सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे नाव ‘काहा’, म्हणजे पेटी. लिहिण्याच्या प्रोग्रामचे ‘प्लूमा’, म्हणजे पीस, आणि त्यावरून लेखणी. दस्तऐवज वाचण्याच्या प्रोग्रामचे ‘आत्रिल’, म्हणजे समोर पुस्तक उघडून ठेवायचा तिरपा स्टँड. भाषेच्या मास्तराला यात जो आनंद होतो तो संगणकवाल्यांना कळणार नाही. लिनक्स मिंट नावाच्या दुसऱ्या एका मंडळींनी उलटा मार्ग धरला. नवेच सामान घेऊन त्यांनी जुन्या तोंडवळ्याचे घर बांधले आणि त्याला ‘सिनॅमन’ म्हटले. मिंट म्हणजे पुदिना आणि सिनॅमन म्हणजे दालचिनी. रागाच्या भरातही माणसाचे लक्ष स्वयंपाकघराकडेच असते. शेवटी २०१३ च्या मार्चमध्ये ग्नोमवाल्यांनी स्वतःच ‘क्लासिक’ या नावाखाली, मागेल त्याला, खालची पट्टी परत देऊन टाकली.

माझे एक प्राध्यापक मित्र अर्थशास्त्र शिकवितात. त्यांना ही सगळी कथा सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे धर्माची गाय आणि दात का गे नाय! एक पैसा दिला नाही, मग एवढी ओरड कशाची?” अर्थशास्त्राला हे कोडे सुटायचे नाही. प्रोग्राम फुकट मिळाला हे खरे. पण कोणती वस्तू कुठे आहे हे हाताला शिकवायला जे दिवस गेले ते काही फुकट मिळाले नव्हते. ते ज्याचे त्याने आपल्या पदरचे घातले होते, आणि एका सकाळी त्या ठेवीचे कागद झाले.

मला स्वतःला नवा ग्नोम आवडला, हे इथेच सांगून टाकतो. मी लेख लिहितो, तेव्हा मला एक पान आणि एक लुकलुकणारी उभी रेघ एवढेच लागते. खालच्या पट्टीवर माझ्या कधी दोनाहून अधिक चिठ्ठ्या नव्हत्या. ज्याच्या घरात चार भांडी आहेत त्याला मांडणीचे काय? म्हणून त्या दिवसांतला तो गदारोळ मी एखाद्या कुस्तीच्या फडासारखा लांबून, मजेने पाहत होतो. आमच्या ग्रंथालयातल्या बाईंचे जे झाले ते मात्र मला मजेने पाहता आले नाही.

आमच्या महाविद्यालयात पुस्तकांची देवघेव ‘कोहा’ नावाच्या प्रोग्रामवर चालते. हाही फुकटच; न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९ साली तयार झालेला. माओरी भाषेत कोहा म्हणजे देणगी. तो लिनक्सवर चालतो, म्हणून देवघेवीच्या काउंटरवर लिनक्स आणि लिनक्स म्हणून ग्नोम. काउंटरवरच्या बाईंनी सारी उमेद कार्डे आणि रजिस्टरे लिहिण्यात घालविली होती. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्यापुढे हे यंत्र आले. त्या घाबरल्या, पण मागे सरल्या नाहीत. त्यांनी एक शंभर पानी वही घातली. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर पट्टीने आखून पडद्याचे चित्र काढलेले. वरच्या पट्टीवर एक गोल, त्याला शेपूट, आणि खाली वळणदार अक्षरात: ‘कोल्हा. एकदाच दाबणे.’ कोल्हा म्हणजे फायरफॉक्स. त्यातून कोहा उघडे. पुढच्या पानावर खालची पट्टी आणि तिच्यावरच्या चिठ्ठ्या क्रमाने: पहिली देणे, दुसरी घेणे, तिसरी थकबाकी. एका ठिकाणी तांबड्या शाईने लिहिले होते, ‘सगळे पांढरे झाले तर थांबणे. घाबरू नये.’ या वहीच्या जोरावर त्यांनी तीन वर्षे काउंटर चालविला, आणि चांगला चालविला. प्रवेशाच्या दिवसांत पोरांची रांग व्हरांड्याबाहेर जाई, पण बाईंचा हात चुकत नसे.

२०१३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत संगणक पाहणाऱ्या तरुणाने सगळी यंत्रे नवी करून ठेवली. जुन्या आवृत्तीची डागडुजी आता होणार नव्हती. त्याच्या दृष्टीने त्याने योग्य तेच केले, आणि सुटीत केले म्हणजे कोणाची गैरसोयही नाही. जूनमध्ये महाविद्यालय उघडले. मी पुस्तक घ्यायला गेलो तो बाई जुने रजिस्टर काढून हाताने नोंदी करीत बसलेल्या. शेजारी संगणक झाकून ठेवलेला. वर प्लॅस्टिकचे आवरणसुद्धा व्यवस्थित घातलेले.

“काय झाले बाई? बिघडला का?”

“नाही हो सर,” त्या रजिस्टरातून मान वर न करता म्हणाल्या, “मला ते जमत नव्हतेच कधी. इतके दिवस कसे चालले कोण जाणे.”

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. जगात इतका आरडाओरडा झाला, शाप दिले गेले, नवी घरे बांधली गेली. पण ती सारी माणसे स्वतःच्या ज्ञानाविषयी निःशंक होती. आपल्याला येत होते आणि तुम्ही बिघडविलेत, असे ती म्हणत होती. असे म्हणायलाही ऐपत लागते. बाईंच्या मनात बिघडविणारा कोणी आलाच नाही. खालची पट्टी दिसेना, कोल्हा दिसेना, वहीतले चित्र आणि पडदा जुळेना, तेव्हा त्यांनी एवढाच निष्कर्ष काढला की आपल्याला कधी येतच नव्हते. तीन वर्षांचे शहाणपण त्यांनी कोणाशी न भांडता मुकाट्याने परत करून टाकले. वरच्या पट्टीत ओरडणाऱ्यांचे म्हणणे ग्नोमवाल्यांपर्यंत पोहोचले, आणि त्याचा उपयोगही झाला. हा सूर इतक्या खालच्या पट्टीतला, की तो समोरच्या काउंटरपर्यंत जेमतेम येत होता.

मी शास्त्र शाखेतल्या एका हुशार मुलाला गाठले. त्याला माते ठाऊक होती. दोन तासांत जुने रूप जसेच्या तसे आणून देतो म्हणाला. वरची पट्टी, खालची पट्टी, चिठ्ठ्या, सारे काही. पण त्याच्या परीक्षा आल्या, मग पाऊस, मग त्याचे गाव. पंधरावीस दिवसांनी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो.

आवरण काढलेले होते. बाई पडद्यासमोर बसल्या होत्या, आणि पाठीमागे शिपाईमामा उभे होते. मामांनी त्या वर्षी नवा फोन घेतला होता आणि त्यांना एक गोष्ट कळली होती, ती त्यांनी पाच वाजल्यानंतर रोज थांबून बाईंना शिकविली होती: वस्तू शोधत बसायची नाही, तिचे नाव लिहायचे. बाईंनी माऊस कोपऱ्यात नेला, पडद्यावर पत्ते मांडले गेले, त्यांनी एका बोटाने तीन अक्षरे दाबली आणि कोल्हा आला. काउंटरवर एक नवी वही उघडी होती. तिच्यातही आखलेली चौकट होती, पण रिकामी. फक्त डाव्या कोपऱ्यात एक बाण, आणि बाणापाशी लिहिलेले, ‘इथे टेकवणे.’

मी त्यांना मुलाची ओळख करून दिली आणि आता सगळे पूर्वीसारखे होईल असे सांगितले. मुलानेही उत्साहाने आपल्या फोनवर मातेचे चित्र काढून दाखविले. बाईंनी चष्मा सारखा करून ते पाहिले. खालच्या पट्टीवरून एकदा बोट फिरविले.

“हो, असेच होते,” त्या म्हणाल्या. मग फोन परत देऊन त्यांनी नवी वही जवळ ओढली. “पण राहू दे रे बाळा. आता तिसरी वही घालायला लावू नकोस.”

मामा हसले. रांगेतला पहिला मुलगा पुस्तक पुढे करून उभा होता.